साहेब, सुधारक आणि वीबू

दिवाळीत मानोऱ्याला गेलो होतो. भाचा मोबाईलवर 'नारुतो' बघत, वहीत जपानी अक्षरं गिरवत बसला होता. चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "हा आमचा जपान्या!" सगळे हसले. त्याने वही मिटली.

रात्री तो म्हणाला, "मामा, शाळेतले पोट्टे मले वीबू म्हनतेत. आता तुमीबी?"

वीबू? म्हणून शोधलं. निकोलस गुरेविच या अमेरिकन चित्रकाराच्या एका व्यंगचित्रात 'वीआबू' हा शब्द आला होता. त्याला काहीच अर्थ नव्हता! २०००च्या दशकात एका संकेतस्थळावर जपानवेड्यांना हिणवणारा जुना शब्द आपोआप बदलून तिथे हा टाकू लागले, आणि तोच नवी शिवी झाला. 'ओताकु'ची गंमत वेगळी. मूळ अर्थ 'आपलं घर', म्हणजे आदराने 'आपण'. १९८३ साली अकिओ नाकामोरी यांनी एका मासिकात मांगावेड्या पोरांना हे नाव चिकटवलं.

आदराच्या शब्दाची अशी टर आपल्याला नवी नाही. 'साहेब' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ सोबती, मग धनी. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढलं ते अभिमानाने, पण घराघरांत "आला मोठा सुधारक!" हा टोमणाच झाला. त्यांची तर जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती.

आणि आमच्या घरातले साहेब म्हणजे बाबा. (घरच्यांना हे माहीत आहेच.) शाळकरी वयात ते ओसरीवर मोठ्याने इंग्रजी वाचायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "काय साहेब, विलायतेले कवा?" त्यांनी मोठ्याने वाचणं सोडलं ते कायमचं. म्हातारपणीही इंग्रजी पेपर वाचताना फक्त ओठ हलायचे. मी ते रोज बघितलंय, आणि तरी...

चिडवणाऱ्याच्या मनात बहुधा एकच भीती असते : हा आपल्यातून जाईल. पण पोरगं जात नाही हो, गप्प होतं.

सकाळी भाच्याला म्हटलं, "चुकलो रे. मानोरा लिहून दाखव न." तो म्हणाला, परक्या शब्दांसाठी जपानीत वेगळी अक्षरं असतात, काताकाना. मग लिहिलं. तिथेही तीनच अक्षरं : मा, नो, रा.

तो कागद मी पाकिटात ठेवलाय.

तुम्हाला लहानपणी काय म्हणायचे? जरूर लिहा.