यजमानांचा अभिप्राय

'यजमान' हा शब्द मराठीत मोठा चमत्कारिक प्रवास करून आला आहे. मूळचा तो यज्ञ करविणारा. पुढे तो घरचा कर्ता झाला, बायकांच्या बोलण्यात नवरा झाला आणि सभासंमेलनांच्या भाषेत पाहुण्यांची व्यवस्था पाहणारा झाला. यांतल्या बहुतेक अर्थांत यजमानाकडे देण्याची बाजू आहे आणि समोरच्याकडे घेण्याची. त्याच्या जोडीचा 'अतिथी' स्मृतिकारांनी एका रात्रीपुरताच मानला. त्या एका रात्रीत त्याचे पाय कसे धुवावेत, त्याला कोणत्या क्रमाने वाढावे, हे सारे आपल्या परंपरेने तपशिलाने सांगून ठेवले. परंतु सहा-सहा महिने परक्याच्या घरी राहणाऱ्या, आणि तेही त्या लोकांचे काही भले करावे या हेतूने आलेल्या पाहुण्याला काय म्हणावे, हे कोणी सांगितलेले नाही. स्वयंसेवक हा असा पाहुणा आहे. तो घेता-घेता देत असतो, निदान तशी त्याची समजूत असते.

विसाव्या शतकाने या जातीचे पाहुणे पुष्कळ निर्माण केले. पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने १९२० साली आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेची चळवळ सुरू केली आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो स्वतः या देशात राबायला आला. अमेरिकेचे 'पीस कोअर' १९६१ साली स्थापन झाले. त्याचे तरुण १९७६ पर्यंत आपल्याकडे येत होते. आपल्या बाजूने सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच संसार मांडला आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. या साऱ्यांतून पत्रे, दैनंदिन्या, आठवणी असे विपुल वाङ्मय जन्माला आले. समीक्षक म्हणून ते वाचताना एक उणीव मला सतत जाणवत आली आहे. या वाङ्मयात पाहुणा लिहितो आणि यजमान केवळ लिहिला जातो. तो प्रेमळ असतो, अगत्यशील असतो, गरीब असूनही हसतमुख असतो. आपल्या घरात येऊन राहिलेल्या या माणसाविषयी त्याचे मत काय झाले, हे मात्र कागदावर येत नाही. कोटणिसांची कथाही प्रथम आपल्याच बाजूने सांगितली गेली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले, शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या त्या फार उशिरा. यजमानांच्या बाजूने लिहिले गेलेले असे पुस्तक अपवादात्मकच म्हणावे लागेल.

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. १९९० च्या पावसाळ्यापासून पुढच्या जानेवारीपर्यंत मी भिलाईजवळच्या जामुल येथे एका कुटुंबात राहिले. प्रबंध विद्यापीठाला सादर झाला होता, मौखिक परीक्षेला अवकाश होता. राष्ट्रीय साक्षरता मिशनची १९८८ साली स्थापना झाल्यापासून देशभर प्रौढांच्या वर्गांना जोर आला होता, आणि आमच्या ओळखीच्या एका गटाला दुर्गच्या बाजूला बायकांचे वर्ग घेण्यासाठी माणसे हवी होती. परदेश म्हणावा असा तो मुलूख नव्हे. नागपूरहून हावड्याच्या मार्गावरील गाडीत बसले की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ वगळता, या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. म्हणजे आम्ही तिथे प्रथम गेलो ते पाहुणे म्हणून नव्हे. तिथल्या भाषेच्या आश्रयाला गेलेली मराठी माणसे नंतरची: १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे, किंवा राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि थोरले हिंदीचे झाले. एका घरातील दोन भावांच्या या वाटा मला गाडीत राजनांदगाव येताच आठवल्या होत्या.

भिलाईला पाहुण्यांचा सराव होता, पण तो वेगळ्या प्रकारचा. १९५५ च्या करारानुसार पोलाद कारखाना उभारण्यासाठी सोव्हिएत तज्ज्ञ आले आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली 'मैत्री बाग' झाली. हे पाहुणे राष्ट्राचे होते, वसाहतीत राहणारे होते, आणि त्यांच्या व यजमानांच्या मध्ये दुभाष्या असे. जामुल या आखीव नगराच्या उत्तरेला. तिथे १९६५ पासून सिमेंटचा कारखाना. आसपास लहानमोठे उद्योग. आणि या सर्वांच्या मधोमध खापरीची घरे, भाताची खाचरे, तळे असलेले जुने गाव. मी ज्या घरी राहिले तिथे दुभाष्या नव्हता. घरात दाई, म्हणजे आई. ददा, म्हणजे वडील, ते एका कारखान्यात ठेक्यावर मजुरी करीत. थोरला मुलगा, सून आणि शाळेत जाणारी धाकटी मुलगी. थोडीशी भातशेती होती. वर्ग संध्याकाळी त्यांच्याच परछीत, म्हणजे पडवीत भरे.

सुरुवातीला मी 'बहिनजी' होते. त्या भागात शिक्षिकेला असेच म्हणत. 'बहिनजी, भात खाहू?' असे दाई विचारी आणि ताजा, वाफाळलेला भात फक्त माझ्या ताटात पडे. घरची माणसे सकाळी बासी खात: रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, मिरची किंवा एखाद्या भाजीबरोबर त्या पाण्यासकट खायचा. मराठीत 'शिळे' हा शब्द निंदेचा आहे. पाहुण्याला शिळे वाढणे हा तर अपमानच. तिकडे बासी हा दिवसाचा आधार. उन्हात राबणाऱ्याच्या पोटाला तिचा थंडावा किती लागतो, हे तिथल्या बायाच सांगत. साधारण महिन्याने एका सकाळी दाईने विचारले, 'नोनी, बासी खाबे?' नोनी म्हणजे मुलगी. 'खाहू'चे 'खाबे' होणे म्हणजे 'जेवाल का'चे 'जेवशील का' होणे. व्याकरणातील एवढ्याशा बदलाने माझे घरातील स्थान बदलले. त्या दिवसापासून मला विहिरीवरून पाणी आणण्याची पाळी मिळाली, भाजी निवडायला मिळाली आणि अंगणात सांडलेल्या दाण्यांबद्दल बोलणीही मिळू लागली.

पैशांचा विषय नाजूक होता, म्हणजे माझ्या मनाने नाजूक. गटाकडून माझ्या जेवणाखाण्यापोटी थोडी रक्कम मिळे. ती पहिल्यांदा देताना शब्द जुळेनात. दाईने ती सर्वांसमक्ष मोजून घेतली आणि त्यातून काय आणायचे ते मोठ्याने ठरवले. आमच्या पांढरपेशा घरांत पैशाचा उच्चार झाला की नाते विटते असे आपण मानतो. इथे मला उलट दिसले. खाण्याचा हिशेब चुकता होता, म्हणून नात्याला त्या हिशेबाचे ओझे नव्हते.

त्याची प्रचिती भाद्रपदात आली. महाराष्ट्रातील श्रावण अमावास्या तिकडे भादोंची अमावास्या. महिन्यांची नावे निराळी, चंद्र तोच. आपला पोळा तो त्यांचा पोरा. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आपली हरतालिका, ती त्यांची तीजा. परंतु छत्तीसगढात तीजा हा माहेरचा सण. लग्न झालेल्या लेकींना आणायला भाऊ किंवा वडील जातात. आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर 'करू भात', म्हणजे कडू भात खायचा. मग निर्जळी उपास. आणि माहेरची साडी. मी विवाहित, आणि मला न्यायला नागपूरहून कोणी आले नाही, याचे घरात सर्वांना नवल वाटले. आमच्यात अशी रीत नाही, हे स्पष्टीकरण कुणालाच समाधानकारक वाटले नाही. दाईने गल्लीतल्या इतर माहेरवाशिणींसारखीच मलाही साडी आणली, हिरवी, जाड सुताची. खाण्याच्या पैशांशी तिचा काही संबंध नव्हता.

त्या रात्री माहेरवाशिणी आमच्या परछीत जमल्या आणि बोलणे माझ्यावर आले. मी अंधारात बसून ऐकत होते, आणि मी ऐकते आहे हे त्यांना माहीत होते. ही बाई दिवसभर विचारत असते, एक म्हणाली: किती भात शिजतो, किती मजुरी मिळते, मुले किती, पण हिच्या सासूच्या घरी किती भात शिजतो ते कधी सांगत नाही. दुसरी म्हणाली, हिचा नवरा सहा महिने कुणाच्या हातचे खातो? तिसरीने माझ्या सारवण्याची नक्कल केली. सगळ्या हसल्या, मीही हसले. दिवाळीपूर्वी मातीचे पोपट टोपलीत ठेवून बाया टाळ्यांच्या तालावर सुआ नाचत दारोदार गेल्या, तेव्हा 'बहिनजी' हा शब्द गाण्यात कुठेतरी गुंफलेला मी स्पष्ट ऐकला. ज्या अभिप्रायाची उणीव मला स्वयंसेवकांच्या ग्रंथांत जाणवते, तो यजमानांपाशी नसतो असे नाही. तो परछीत असतो, नकलेत असतो. तो ऐकायला पाहुण्याला आधी नोनी व्हावे लागते.

मी परतल्यानंतर ती दोन वर्षे भिलाईला फार कठीण गेली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची तिथे हत्या झाली. नियोगी मूळचे जलपैगुडीचे, म्हणजे तेही बाहेरून आलेले. पण त्यांनी तिथल्याच कष्टकरी स्त्रीशी लग्न केले आणि ते तिथलेच झाले. १ जुलै १९९२ ला रेल्वेच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि अनेक जण ठार झाले. त्या धामधुमीत ददांचे ठेक्याचे काम सुटले. शेती होती म्हणून घर तगले.

१९९४ च्या हिवाळ्यात दाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी धाकट्या मुलीबरोबर नागपूरला आमच्या घरी आली. येताना तिने एक पोते आणले. त्यात दोघींना वीस दिवस पुरतील एवढे नवे तांदूळ होते. सासूबाई संकोचल्या. 'अहो, आमच्या घरी काय तांदूळ नाहीत?' त्या म्हणाल्या. मी दाईला समजावून सांगितले. दाईने शांतपणे उत्तर दिले: नोनी आमच्याकडे पैसे मोजून देत होती, आम्ही घेतले, आता तुम्ही घ्या. सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि पोते कोठीच्या खोलीत ठेवायला सांगितले. चौथ्या दिवशी डोळ्याला पट्टी असलेली दाई भिंत धरत स्वयंपाकघरात आली आणि रात्रीचा भात उरला आहे का, म्हणून विचारू लागली. त्या दोघी एकमेकींची भाषा जाणत नव्हत्या. पण त्या सकाळी तासभर बोलत बसल्या होत्या.

दाई गेल्यावर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. मजकूर हिंदीत, मुलीच्या अक्षरातला. खाली मात्र दाईची स्वतःची सही, वर्गात गिरवलेल्या त्याच मोठ्या, सुट्या अक्षरांत. सुखरूप पोहोचलो, डोळ्याने दिसते, ददा बरे आहेत. सासूबाई फार चांगल्या आहेत, त्यांना तीजेला घेऊन ये. आणि शेवटी एक ओळ: तुमच्या घरी सारे बरे आहे, फक्त पसिया फेकतात. पसिया म्हणजे पेज. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून आमच्याकडे तो वेळून घेत आणि पाणी मोरीत जाई.

मी पत्राचा अर्थ सांगितला. सासूबाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचून घेतली. 'बरोबर आहे तिचं,' त्या म्हणाल्या, आणि पत्र देवघराच्या फडताळात, नातेवाइकांची पत्रे ठेवीत तिथे, ठेवून दिले.