आईला वाचून दाखवलेला कागद

आयुष्यात काय करायचं ते लिहून ठेवावं, हे मला गोपाळ गणेश आगरकरांच्या पत्रानं शिकवलं. एम.ए. होताना त्यांनी आईला कळवलं होतं की, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे. शाळेत हे वाचताना मला आगरकरांपेक्षा त्यांच्या आईचीच काळजी लागली.

कारण माझी आई फटाक्यांच्या कारखान्यात जायची. आमच्या तेरखेडा गावात घरोघरी हेच काम. सोलापूर-धुळे रस्त्यावरून जाणारे लोक दिवाळीचा माल घेतात, तो वळणारे हात त्यांना दिसत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आईच्या नखांत, तळहाताच्या रेघांत मुरलेली असे. राखेनं घासले तरी भाकरी थापताना ते हात चंदेरीच दिसत.

बी.एस्सी. झालो तेव्हा पुण्यात नोकरी मिळत होती. मी कागद घेतला आणि लिहिलं: गावाकडंच राहीन, शिक्षक होईन, ज्या घरांची भाकर सोरा-गंधकावर चालते, तिथल्या पोरांना त्या पदार्थांचा गुण आणि धोका दोन्ही शिकवीन. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, "आन् घरावरचे पत्रे कधी बदलायचे?" मग तेही लिहिलं. पत्रे उशिरा बदलतील.

तीच ओळ मला कागदातली सगळ्यात खरी वाटते. हल्ली शिबिरांत ध्येयवाक्यं लिहून घेतात. त्यात काय मिळवणार ते असतं, काय सोडणार आणि त्याची झळ कुणाला लागणार, ते नसतं. आगरकरांनी नेमकं तेच आधी सांगितलं. पुढे 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल, मग 'केसरी', 1882 साली डोंगरीचा तुरुंग. टिळकांशी मतभेद झाल्यावर 1888 साली 'सुधारक' काढला. सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. 1895 साली, चाळिशीच्या आतच ते गेले. काम आणि सोबती बदलले, पण आईला दिलेला शब्द बदलला नाही.

दहावीच्या मुलांकडून मीही असा कागद लिहून घेतो. अट एकच: घरातल्या कुणाला तरी उद्देशून लिहायचा आणि त्याला वाचून दाखवायचा. गेल्या वर्षी एका मुलीनं आजीला लिहिलं की, नर्सिंगला जाईन, तुझी औषधं आणायला मग धाकट्याला पाठवावं लागेल. आजीनं खाली अंगठा उठवून दिला होता.