मोजणी कोणाची?

मुळशी तालुक्यातील माण गावची जमीन औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्कासाठी संपादित करण्यास आरंभ केल्यापासून येथील जुन्या घरांत सरकारी कागद वाचण्याची विद्या आपोआप वाढीस लागली. ज्या वृद्धांची शाळा चौथीतच सुटली, तेही सातबाऱ्याचा उतारा हाती येताच प्रथम गट नंबर पाहतात, मग क्षेत्र, मग नावापाशी वर्तुळात लिहिलेला फेरफाराचा क्रमांक, आणि सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत सावधपणे, ‘इतर हक्क’ हा रकाना. कारण मालकाचे नाव कितीही ठळक असले, तरी कर्जाचा बोजा किंवा कुळाचा हक्क त्याच रकान्यात नोंदलेला असतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. याच गावातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला, आणि तिला जोडून डिझाइन हा विषय शिकवीत असताना, संशोधनाचे लेख मुलांना वाचावयास कसे शिकवावे या विवंचनेत मी होते; आणि तिचे उत्तर मला शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा या आजोबा मंडळींच्या वाचनात सापडले.

आपल्याकडे शाळेत ‘प्रकल्प’ म्हणून जे काही चालते, त्याविषयी न बोललेलेच बरे. स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रांचा तक्ता आणावा, ती चित्रे कापून वहीत डकवावीत आणि शेजारी संगणकावरून उतरवलेला मजकूर सुवाच्य अक्षरात लिहावा, एवढ्यावर गुण मिळतात. तो मजकूर कोणी, कशाच्या आधारे लिहिला, हे मूल विचारीत नाही आणि गुरुजनही विचारीत नाहीत. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करीत शिकण्याची जी वाट घालून दिली, ती मला प्रथमपासून प्रमाण वाटत आली आहे. मात्र हाताने वस्तू घडविणाऱ्या मुलाने त्या वस्तूविषयी आधी कोणी काय शोधून ठेवले आहे हेही वाचावे, एवढी भर तीत घालावी असे मला वाटे.

विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. आमच्या वर्गातील लोखंडी पाइपांचे बाक पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना एकाच मापाचे होते. लहानांचे पाय लोंबकळत आणि उंच मुलांचे गुडघे फळीला लागत. बैठकीची उंची गुडघ्यामागच्या खोलगट भागापासून जमिनीपर्यंतच्या उंचीपेक्षा अधिक असू नये, नाहीतर मांडीच्या खालच्या बाजूवर दाब येतो, हा साधा नियम सांगून मी मुलांच्या हाती सुताराची टेप दिली. आपापली मापे नोंदवहीत उतरल्यावरच मी त्यांच्यापुढे पहिला लेख ठेवला. त्याआधी ठेवला असता, तर तो त्यांनी मुकाट्याने उतरवून घेतला असता.

तो लेख होता अमेरिकी हवाई दलातील गिल्बर्ट डॅनियल्स यांचा, १९५२ सालचा. विमानचालकांच्या बैठकीची जागा ‘सरासरी’ चालकाच्या मापाने आखलेली असे. डॅनियल्स यांनी ४,०६३ चालकांची मापे घेऊन, उंची, छाती, बाहीची लांबी अशा दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती निघतात, हे तपासले. आणि दहाही मापांत बसणारा एकही निघाला नाही. केवळ तीन मापे निवडली तरी सुमारे साडेतीन टक्केच उरले. मी मुलांना लेख पहिल्या ओळीपासून वाचू दिला नाही. प्रथम तक्ता पाहावयाचा: माप कशाचे, कोणत्या एककात, किती जणांचे. मग मोजणी कोणाची झाली आणि कशी, तो परिच्छेद. आणि निष्कर्ष अगदी अखेरीस. इंग्रजी शब्द अडले तर अडू द्यावेत, आकडे अडत नाहीत, असे मी सांगितले. मराठी माध्यमाच्या मुलांची भीती त्याने संपूर्ण गेली असे नाही. परंतु तक्त्यापाशी ती इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने उभी राहिली.

पहिला प्रश्न एका मुलीकडून आला. ‘बाई, यांत बाया का नाहीत?’ पाठोपाठ एकाने विचारले, ‘मग आपला बाक कोणाला मोजून केलाय?’ पुढचे काम वर्गाने स्वतःच हाती घेतले. आपल्याच मापांतून तीन निवडून त्यांनी डॅनियल्स यांची रीत वर्गावर चालवून पाहिली, तेव्हा तिन्हींत मध्यावर बसणारी मुले बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. छापील कागदातील गोष्ट आपल्या वर्गात खरी ठरते, हे पाहिल्यावर त्यांच्या वाचनाला जी धार चढली, ती माझ्या कोणत्याही व्याख्यानाने चढली नसती.

त्यानंतर देबकुमार चक्रवर्ती यांचे, राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय देहमापांचे पुस्तक आम्ही पाहिले. आपल्या देशातील मापे म्हटल्यावर मुले हरखली. परंतु एका मुलाने, ज्याचे आजोबा मोजणीच्या खटल्यापायी तालुक्याला खेटे घालीत आले आहेत, लगेच हरकत घेतली: ही मापे मोठ्या माणसांची आहेत, आपली नव्हेत. पुस्तकातील ‘इतर हक्क’ त्याने बरोबर हेरले होते. जमीन नसलेल्या, मराठवाड्यातून येऊन चाळीत राहणाऱ्या कुटुंबांतील मुलांना सातबारा ठाऊक नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठीतील कपातीचा रकाना त्यांना चांगलाच वाचता येत होता, आणि कामाला तोही पुरला.

अखेरीस गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लहान मुलांच्या बाकांना पाय टेकण्यासाठी आडवी पट्टी बसवून घेतली. ती साधीच आहे. तिच्यासोबत जोडलेल्या टिपणात प्रत्येक मापापुढे ते कोणाचे आणि कोठून घेतले, याची नोंद मुलांनी केली, ते टिपण मला अधिक मोलाचे वाटते.

अडचण उरते ती लेख मिळण्याची. डॅनियल्स यांचा जुना लेख विनामूल्य मिळतो, परंतु बहुतेक नियतकालिके वर्गणीच्या कुंपणाआड आहेत. केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना २०२५ पासून अंमलात आणली आणि सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली केली. माध्यमिक शाळा तीत नाहीत. ज्या तालुक्यात शाळा आणि अशी संस्था शेजारी शेजारी असतील, तेथे महिन्यातून एक दुपार तरी नववी-दहावीच्या मुलांना त्या संस्थेच्या ग्रंथालयात बसण्याची मुभा द्यावी, अशी माझी संबंधित प्राचार्यांना विनंती आहे.