रुळांलगतचं कांजूर

कांजूरमार्ग स्टेशन सुरू झालं 1968 साली. तेव्हाचं कांजूर म्हणजे पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्‌जचा कारखाना, खाडीकडे मिठागरं आणि शिफ्ट सुटली की रस्ताभर डबे लटकवलेल्या सायकली. बाकीचे कामगार चालत घरी जायचे. या आठवणी निघाल्या की आमच्या पिढीचा गळा भरून येतो, माझाही.

पण कुर्ला ते ठाणे रुळांना खेटून झोपड्याही होत्या. फास्ट गाडी धडधडत गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. रांगतं पोर रुळांकडे जाऊ नये म्हणून आई त्याच्या पायाला लुगड्याची चिंधी बांधायची, दुसरं टोक खाटेला अडकवायची आणि मगच पाण्याच्या रांगेत जायची. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी ही चिंधी विसरू नये.

नव्वदच्या दशकाअखेरीस रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या मार्गासाठी जागा हवी होती, तेव्हा या झोपड्यांतली सुमारे 900 कुटुंबं कांजूरमार्गला आली. आधी संक्रमण घरांत, पुढे पक्क्या इमारतींत. रेल्वे स्लम ड्वेलर्स फेडरेशन या झोपडीवासीयांच्या संघटनेच्या आणि महिला मिलन या बचत गटांच्या बायकांनी स्वतः झोपड्या मोजल्या, याद्या केल्या, पै-पै बचत जमवली. सोसायट्या आधीच ठरल्यामुळे शेजारपाजार सोबत आला. पुढे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात (एमयूटीपी) हजारो कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, वाशी नाक्याला गेली. घर मिळालं, पण अनेकांचं काम लांब पडलं. पुनर्वसनाच्या 225 चौरस फुटांच्या घरात माणूस रुजतो तो ओळखीच्या शेजारामुळे, असं मला कांजूरकडे बघून ठामपणे वाटतं.

आज क्रॉम्प्टनच्या आवारात टॉवर आहेत. रुळांलगत वाढलेल्या मुली आता त्यांच्या वरच्या मजल्यांवर पोळ्या लाटायला जातात, आणि घरी मेंटेनन्सचा हप्ता, लिफ्टची दुरुस्ती यांचा मेळ घालतात. त्यांची पोरं मात्र निर्धास्त जिन्यावर खेळतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

खंत आहे ती आजूबाजूची. माणसं कितीतरी पटींनी वाढली. स्टेशनात थांबतात त्या स्लो गाड्याच. सकाळच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला पूल चढवत नाही. मेट्रो 6 येते आहे, तिची वाट बघतोच आहोत. तोवर प्रत्येक नव्या टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पूल, रस्ता, शाळा किती माणसं पेलतील हे महापालिकेने मोजावं. त्या बायकांनी झोपड्या मोजल्या होत्या, दारोदार जाऊन.