काचेच्या आतली बाजू

मुलांनो, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निगडीकडून पिंपरीकडे येताना तुम्ही बसच्या खिडकीत बसला असाल, तर एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. आधी कारखान्यांच्या लांबच लांब भिंती दिसतात. मग मध्येच काचेची एखादी उंच, चकचकीत इमारत उभी राहते. आपण तिच्याकडे बघतो, पण आतलं काही दिसत नाही. काचेत दिसते ती आपलीच बस!

माझ्या मामांनी अशा इमारती पन्नास वर्षं बाहेरूनच पाहिल्या. मामा आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यात कामाला होते. तरुणपणी एकदा साहेबांनी त्यांना एका मोठ्या हॉटेलात मुक्कामाला असलेल्या परदेशी इंजिनियरकडे कागदांची पिशवी द्यायला पाठवलं. मामा होते कारखान्याच्या निळ्या कपड्यांत. पहारेकऱ्याने त्यांना आत सोडलं नाही. अर्धा तास उन्हात उभं राहून, पिशवी त्याच्याच हातात देऊन ते परत आले. मामा हे रागाने सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "आतून बाहेरचं कसं दिसतं, ते एकदा बघायचंय."

यंदा मामा-मामींच्या लग्नाला ५० वर्षं झाली. आम्ही सगळ्या भाचरांनी वर्गणी काढली आणि ठरवलं, दोघांना एक रात्र मोठ्या हॉटेलात पाठवायचं. हॉटेल निवडायचं काम आलं माझ्याकडे. मी पडले प्राथमिक शिक्षिका! काहीही निवडायचं म्हटलं की आधी तक्ता आखते. माझा सहावीतला मुलगा पट्टी-पेन्सिल घेऊन बसला आणि आमचा अभ्यास सुरू झाला.

पहिला प्रश्न त्यानेच विचारला. "आई, इथे समुद्र नाही, थंड हवेचं ठिकाण नाही. मग एवढी मोठी हॉटेलं कुणासाठी?"

प्रश्न चांगला होता. याचं उत्तर आपल्या गावाच्या इतिहासात आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं एमआयडीसी, स्थापन झालं. मग टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले. खेडी वाढत गेली आणि १९८२ साली इथे महानगरपालिका झाली. पुढे जागा अपुरी पडू लागली, तेव्हा कारखाने चाकणकडे सरकले. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ सालचा. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तिथे उघडले, पाठोपाठ महिंद्राही आली.

आता विचार करा. जर्मनीहून एखादं यंत्र आलं, तर ते बसवायला माणूसही येतो. तो दोन-तीन आठवडे राहतो. सकाळी लवकर कामावर जातो, रात्री दमून परततो. त्याला हवं काय? गाढ झोप, गरम पाणी, ओळखीचा नाश्ता आणि वेळेवर गाडी. आपल्या भागातली बहुतेक मोठी हॉटेलं त्याच्यासाठी बांधली आहेत.

चाकणने पाहुणे काही आजच पाहिले नाहीत बरं का! १६६० साली शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन चाकणला आला होता. पण त्या न बोलावलेल्या पाहुण्याला फिरंगोजी नरसाळा यांनी संग्रामदुर्ग किल्ल्याच्या बाहेर जवळजवळ दोन महिने ताटकळत ठेवलं! आज त्याच चाकणला जगभरचे पाहुणे राहायला येतात आणि गाव त्यांची सरबराई करतं.

दुसरा प्रश्न होता, साखळी हॉटेल म्हणजे काय? एकाच नावाची, एकाच नियमाने चालणारी अनेक गावांतली हॉटेलं म्हणजे साखळी. पुष्कळदा इमारत एकाची असते, नाव आणि नियमांचं पुस्तक दुसऱ्याचं. गादी केवढी असावी, टॉवेल किती ठेवावेत, फोन किती लवकर उचलावा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. परक्या गावी आलेला माणूस नाव पाहून विश्वास टाकतो. त्याला ठाऊक असतं की खोली आपल्या ओळखीची निघणार.

आम्ही तक्त्यात तीन नावं घेतली. चिंचवडचं 'डबलट्री बाय हिल्टन', चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातलं 'कोर्टयार्ड बाय मॅरियट' आणि पिंपरीचं 'जिंजर'. प्रत्येक नावामागे एक गोष्ट निघाली.

हिल्टनची सुरुवात १९१९ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या सिस्को नावाच्या छोट्या गावात झाली. कॉनराड हिल्टन यांनी तिथलं एक लहानसं हॉटेल विकत घेतलं होतं. त्यांच्या डबलट्री साखळीची खूण म्हणजे आल्याबरोबर पाहुण्याच्या हातात ठेवलेलं गरम चॉकलेटचं बिस्किट. हेच बिस्किट २०१९ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात भाजून पाहिलं गेलं. अंतराळात भट्टीत भाजलेला तो पहिला पदार्थ! पृथ्वीवर जे वीसेक मिनिटांत होतं, त्याला तिथे जवळजवळ दोन तास लागले.

मॅरियट घराण्याने १९२७ साली वॉशिंग्टनमध्ये एक सरबताचं दुकान काढलं. त्यात बसायला जागा होत्या अवघ्या नऊ! त्यांचं पहिलं हॉटेल झालं १९५७ साली. 'कोर्टयार्ड' हा त्यांचा प्रकार १९८३ सालचा, कामासाठी फिरणाऱ्या लोकांना काय लागतं ते त्यांनाच विचारून आखलेला.

'जिंजर' आपल्या टाटांचं. १९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं, त्याच कंपनीने शंभर वर्षांनी, २००४ मध्ये, बंगळूरला कमी खर्चाचं नीटनेटकं हॉटेल काढलं. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, 'जिंजर' हे नाव नंतर आलं. मूळ कल्पना अशी की थाटमाट कमी ठेवायचा, काही कामं पाहुण्याने स्वतः करायची आणि वाचलेला पैसा भाड्यात कमी करायचा.

"मग सगळ्यात चांगलं कोणतं? ज्याला जास्त तारे ते?" मुलाने विचारलं.

मुलांनो, तारे कोण देतं माहीत आहे? केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची एक समिती हॉटेल तपासते आणि एक ते पाच तारे देते. त्याच्याही वर 'पंचतारांकित डिलक्स' असा वर्ग आहे. हा दर्जा पाच वर्षांसाठी असतो, मग पुन्हा तपासणी. पण तारे सोयी मोजतात. पोहण्याचा तलाव आहे का, किती प्रकारची उपाहारगृहं आहेत, वगैरे. आमच्या मामींना पोहायचंय थोडंच! मामांचा गुडघा दुखतो, हे कुठल्या ताऱ्यात बसणार?

म्हणून आम्ही तक्त्याच्या रकान्यांत आमचे प्रश्न लिहिले. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का? टबात पाय उचलून जावं लागतं की सरळ चालत जाता येतं? नाश्ता भाड्यात धरलाय का, आणि त्यात पोहे-उपमा मिळतो का? खोली किती वाजता ताब्यात मिळते? (बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास सोडावी लागते. 'एक दिवस' म्हणजे चोवीस तास नव्हेत!) घरापासून अंतर किती? पिंपरीपर्यंत मेट्रो आहे, चाकणला मात्र रस्त्यानेच जायचं, आणि चाकणच्या चौकातली गर्दी तुम्हाला ठाऊक आहेच.

मग मी मुलालाच फोन लावायला सांगितलं. एका ठिकाणी त्याने मराठीत विचारलं, तर पलीकडून तुटक इंग्रजीत उत्तर आलं आणि फोन ठेवला गेला. बिचारा हिरमुसला. नाव सांगत नाही, कारण एका माणसाच्या एका फोनवरून सगळ्या हॉटेलाची परीक्षा करू नये. दुसऱ्या ठिकाणी मात्र एका ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांब हं, दांड्याचं खात्री करून सांगते." दहा मिनिटांनी त्यांचा उलट फोन आला. मुलाने तक्त्यात त्या रकान्यात मोठ्ठी बरोबरची खूण केली.

भाड्याचं गणितही मजेदार निघालं. भाडं रोज बदलतं. महाबळेश्वरला शनिवार-रविवारी गर्दी, म्हणून तेव्हा भाडं जास्त. आपल्याकडे उलटं! इंजिनियर मंडळी सोमवार ते गुरुवार असतात, म्हणून शनिवारी खोल्या रिकाम्या आणि बहुधा स्वस्त. शिवाय कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाच्या साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. आता करा बघू हिशेब. ७,४०० ची खोली करासह पडते ७,७७० रुपयांना, आणि ७,६०० ची पडते ८,९६८ रुपयांना. खोलीत फरक दोनशेचा, बिलात फरक ११९८ चा! आमच्या वर्गणीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं होतं.

शेवटी तिघांतलं एक ठरलं. कोणतं ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर ही जाहिरात व्हायची. ते ना सगळ्यात महाग होतं, ना सगळ्यात स्वस्त. दांडा होता, पोहे होते, शनिवार होता आणि त्या ताई होत्या.

शनिवारी आम्ही दोघांना पोचवायला गेलो. मामी दारातच थबकल्या. "अगं, माझ्या चपलांकडे बघतील गं सगळे." कुणी बघितलं नाही. फोनवरच्या ताई स्वतः पुढे आल्या आणि मामांना बसायला खुर्ची दिली. खोलीचं दार कार्डाने उघडलं. तेच कार्ड भिंतीवरच्या खाचेत सरकवलं की दिवे लागतात, आणि बाहेर जाताना काढलं की सगळं बंद! वीज वाचवायची ही युक्ती मामांना भारी आवडली. दाराच्या मागे आग लागल्यास बाहेर पडायचा नकाशा होता. मुलाने तो आधी वाचला. तुम्हीही कुठे राहायला गेलात की तो आधी वाचा.

मामा खिडकीपाशी गेले. जड पडदा बाजूला केला. खाली रस्ता होता, पलीकडे कारखान्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रोज त्या छपरांखाली होतो. पण छप्पर वरून कसं दिसतं, ते आज पाहिलं."

रविवारी सकाळी आम्ही न्यायला गेलो, तर मामी पलंगावरची चादर घडी करून ठेवत होत्या! तेवढ्यात खोली आवरणाऱ्या बाई आल्या आणि हसल्या. "काकू, राहू द्या. पाहुणा गेला की आम्हाला सगळंच काढून धुवायला टाकावं लागतं. म्हणून तर पांढरं असतं, डाग लपत नाही आणि सगळं एकत्र कढत पाण्यात धुता येतं." बोलता बोलता कळलं, त्या खेड तालुक्यातल्या. घरी कांद्याची थोडी शेती, पण बारमाही पैसा या नोकरीतून. दिवसाला किती खोल्या, किती गाद्या उचलायच्या, कंबर कशी भरून येते, हे मामींनी सगळं विचारून घेतलं. निघताना मामी म्हणाल्या, "पन्नास वर्षांत पहिल्यांदा सकाळचा चहा कुणी आयता दिला. पण मागचं आवरणारी आहे म्हणून ते सुख, हे विसरू नये."

घरी आल्यावर मामांनी आमचा तक्ता मागून घेतला. चष्मा लावून प्रत्येक रकाना वाचला. मग पेन्सिल घेऊन अगदी खाली, स्वतःच्या वळणदार अक्षरात एक नवा प्रश्न लिहिला : 'साध्या कपड्यातला माणूस दारात आला, तर त्याच्याशी कसे बोलतात?'

"हा प्रश्न पहिला घ्यायचा," ते म्हणाले.

मुलांनो, तुमच्या गावात लॉज असेल, धर्मशाळा असेल, नाहीतर मोठं हॉटेल असेल. तुमच्या घरातल्या एखाद्या आजी-आजोबांसाठी ते निवडायचं आहे असं समजा आणि असा तक्ता करून पाहा. प्रश्न आजी-आजोबांना विचारूनच लिहा. आणि हो, आपल्या घरी पाहुणे येतात तेव्हा आपल्या दाराचा रकाना कसा भरेल, तेही एकदा पाहा.