बीटवरची पायपीट

ताडोब्यात पर्यटकाला जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही. पाठीवर सॅक टाकून चार-सहा दिवस डोंगरवाटा तुडवणं सह्याद्रीत जमतं, चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्याघ्रवनात नाही. तरीही इथे दिवसचे दिवस पायी चालणारी माणसं आहेत. त्यांना कुणी ट्रेकर म्हणत नाही. ते वनरक्षक आणि त्यांच्यासोबतचे वनमजूर.

दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत त्यांच्या चालण्याचा खरा कस लागतो. प्रत्येक बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, आधी तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या, रोज साधारण पाच किलोमीटर. त्यानंतर किमान दोन किलोमीटरची सरळ ट्रान्झॅक्ट लाइन आखायची आणि तीन सकाळी तीच रेषा चालून चितळ, सांबर, नीलगाय, रानगवे मोजायचे. पाच किलोमीटर ऐकून राजगड-तोरणा एका दमात करणारा गडी हसेल. हसू द्यावं. त्याला वाटेत पडलेल्या प्रत्येक विष्ठेपाशी थांबून ती वाघाची की बिबट्याची, ताजी की जुनी, हे ठरवावं लागत नाही.

गंमत अशी की ही दोन चालणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत. खुणांच्या शोधात निघालेल्यानं वाघासारखा विचार करायचा. वाघ काट्याकुट्यांतून उगाच चालत नाही. त्याला जंगलातला कच्चा रस्ता, जाळरेषा, नाल्याचं वाळूचं पात्र आवडतं. तेव्हा वाट हुशारीनं निवडायची, मऊ मातीवर नजर ठेवायची, झाडाच्या सालीवरचे ओरखडे पाहायचे. ट्रान्झॅक्ट लाइनवर मात्र हीच हुशारी लबाडी ठरते. समोर बांबूचं दाट बेट आलं तरी रेषा सोडायची नाही, आणि चितळं हमखास दिसतात म्हणून बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठानं वळसाही घ्यायचा नाही.

कळप दिसला की तो पळायच्या आत मोजायचा. रेंजफाइंडरनं अंतर, होकायंत्रानं दिशा, आणि लगेच नोंद. रेषेजवळचं जनावर सहसा नजरेतून सुटत नाही, लांबचं सुटतं. हे सुटण्याचं प्रमाण अंतरागणिक कसं वाढतं यावरूनच न दिसलेल्या जनावरांचा अंदाज बांधतात. म्हणजे पन्नास मीटरचे अंदाजपंचे तीस लिहिले, तर पुढचं सगळं गणित बिघडलं. याहून अवघड काम शून्य लिहिण्याचं. दोन किलोमीटर चालून एकही जनावर दिसलं नाही, तर तसंच नोंदवायचं. आपल्या बीटवर काहीच नाही हे कागदावर आणताना कुणाचाही हात जरा अडखळेल. पण ज्या अहवालात शून्यं नाहीत, त्या अहवालावर विश्वास ठेवू नये.

जुनी रीत वेगळी होती. १९६६ साली ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पगमार्कवरून वाघ मोजण्याची पद्धत आणली. काचेवर ठशाची आकृती उतरवायची आणि त्यावरून वाघ ओळखायचा. या पद्धतीच्या मोजणीनुसार राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते; २००५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर ही पद्धत मागे पडली. दोष माग काढणाऱ्यांच्या नजरेचा म्हणण्यापेक्षा मातीचा जास्त. एकाच पंजाचा ठसा फुफाट्यात वेगळा उमटतो आणि ओल्या चिखलात वेगळा. आज वाघाची ओळख कॅमेरा ट्रॅप पटवतो, त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून. तरी जंगलात वाघासाठी शिकार किती आहे, हे कळायला पायांना पर्याय सापडलेला नाही.

या चालण्याची किंमतही मोठी आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा भागात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन मदतनिसांसह खुणांच्या सर्वेक्षणाला निघाल्या होत्या. सुमारे चार किलोमीटर चालल्यावर पुढे रस्त्यावर वाघीण दिसली. पथक थांबलं, अर्धा तास वाट पाहिली, मग दाट झाडीतून वळसा घेऊ लागलं. वाघिणीनं ढुमणे यांच्यावर हल्ला केला, त्यात त्या गेल्या. थांबणं, वाट पाहणं, लांबून जाणं: जंगलात चालणाऱ्याला जे शिकवतात, ते सगळं त्या पथकानं केलं होतं. त्यानंतर ताडोब्यातलं पायी सर्वेक्षण तात्पुरतं थांबवण्यात आलं.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२१ मध्ये, छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलाचा, पण रानहत्तींची सवय कुणालाच नव्हती. धानाच्या हंगामात कळप रात्री बांधीत उतरणार. म्हणजे वनरक्षकांनी लीद, मोडलेले बांबू, ओल्या मातीतले मोठे ठसे बघत त्याच्या मागावर राहायचं आणि पुढच्या गावाला वेळेत सावध करायचं. इथे दोन किलोमीटरची आखलेली रेषा नाही. वाट हत्ती ठरवतो, मुक्काम कुठे पडेल तेही तोच ठरवतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजणाऱ्या हौशींच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. तो अनुभव छानच, पण ती गणना नव्हे. २०२२ च्या व्याघ्रगणनेसाठी देशभरात ६,४१,४४९ किलोमीटर पायी सर्वेक्षण झालं; महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ वाघ आले. यातला दुसरा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. पुढच्या वेळी वाघांचा आकडा जाहीर होईल, तेव्हा वाचकांनी त्याच अहवालात किती किलोमीटर चालणं झालं तेही शोधून वाचावं.