रंग पडद्याचा, नजर ज्याची त्याची

टी.व्ही.चं चित्र नीट करणं हे एकेकाळी कौलांवर चढून करायचं काम होतं. एकजण वर अँटेना फिरवायचा, दुसरा दारात उभा राहून निरोप पोचवायचा आणि तिसरा आतून ओरडायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ आपल्या सीमाभागात ही आरडाओरड दोन भाषांत चाले. आपल्याकडे ‘आलं’ म्हणेपर्यंत शेजारच्या घरातून ‘बंतु’ ऐकू येई. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालेलं दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि बेंगळूरला १९८१ मध्ये आलं. १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, त्यात रंग भरले. पण रंगीत संच परवडणार कुणाला? मग बाजारातून तिरंगी प्लास्टिकचा कागद आणून पडद्यावर लावायचा. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आकाश निळं दिसायचं हे खरं, पण बातम्या देणाऱ्या बाईंचे केसही निळे दिसायचे!

आता भिंतीवर चपटा एल.सी.डी. आला. दुकानदार ज्याला ‘एल.ई.डी. टी.व्ही.’ म्हणून विकतात, त्यातले बहुतेक संच मुळात एल.सी.डी.च असतात. फक्त मागचा उजेड एल.ई.डी. दिव्यांचा असतो. कौलांवर चढणं संपलं, चित्र नीट करायची सारी सोय रिमोटच्या बटणांत आली. आणि गंमत अशी, की बटणं आल्यापासून चित्र नीट करणारं घरात कुणी उरलं नाही. संच खोक्यातून निघतो तसाच वर्षानुवर्षं चालतो.

यात दुकानाचाही वाटा आहे. बेळगावच्या खडे बाजारात साडी घेताना आपण ती दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतो, कारण आतल्या ट्यूबलाइटवर भरवसा नसतो. टी.व्ही.ला बाहेर नेता येत नाही. झगझगीत दिव्यांखाली एका रांगेत वीस संच लावलेले. त्यात जो सगळ्यांत भडक, तोच डोळ्यांत भरणार. म्हणून दुकानात संच ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ पद्धतीवर ठेवतात आणि बऱ्याच संचांत दुकानासाठी एक वेगळा ‘डेमो मोड’ही असतो. तोच संच रात्री आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत लावला की डोळे दुखतात, बातमीदाराचा चेहरा संत्र्यासारखा दिसतो आणि वीजही जास्त जाते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे संच ‘होम’ मोडवर आणणं आणि चित्राचा प्रकार ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ करणं. अर्धी दुरुस्ती एवढ्यातच होते. पुढचं काम नावांचा घोटाळा सोडवण्याचं. ‘ब्राइटनेस’ म्हणजे उजेड, असं आपण धरून चालतो. पण बऱ्याच संचांत ब्राइटनेस काळा किती काळा दिसावा हे ठरवतो, आणि खरा उजेड ‘बॅकलाइट’ नावाच्या दुसऱ्याच बटणात असतो. कन्नडमध्ये काळ्या रंगाला ‘कप्पु’ आणि अंधाराला ‘कत्तलु’ असे दोन निराळे शब्द आहेत. मराठीतले काळा आणि काळोख मात्र ऐकायला एकाच घरचे वाटतात. इथे कन्नडचा हिशेब उपयोगी पडतो. खोलीतल्या कत्तलुप्रमाणे बॅकलाइट कमी-जास्त करायचा, आणि चित्रातला कप्पु ब्राइटनेसने साधायचा.

तो साधायचा कसा? पंढरपूरच्या विठोबाचं दर्शन दाखवत असतील तेव्हा बघा. मूर्ती काळी, पण नाक, डोळे, कटीवरचे हात वेगळे दिसले पाहिजेत. सगळी मूर्ती एकच काळी आकृती झाली, तर ब्राइटनेस कमी पडतो. मूर्तीवर राखेचा हात फिरवल्यासारखं वाटलं, तर तो जास्त झाला. पांढऱ्याचा कारभार ‘कॉन्ट्रास्ट’कडे. वारकऱ्याच्या धोतराच्या निऱ्या दिसल्या पाहिजेत. धोतर म्हणजे नुसता पांढरा ठिपका झाला, की दोन घरं खाली यायचं.

रंगासाठी आपल्याकडे दोन उत्तम कसोट्या आहेत. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल आणि सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा. गुलालाच्या ढगात माणसांचे चेहरे वेगळे ओळखू यावेत. सगळा एकच गुलाबी लोळ दिसत असेल, तर ‘कलर’ जास्त झाला. मात्र शेवटचा निकाल माणसाच्या कातडीवर लावावा. मैदानाचं गवत किती हिरवं होतं हे आपल्याला माहीत नसतं, पण माणसाचा चेहरा आपण जन्मापासून बघत आलो आहोत. ‘टिंट’ मध्यावर असेल तर त्याला हात न लावलेलाच बरा. ‘शार्पनेस’ खाली आणावा, कारण तो चित्रात नवा तपशील आणत नाही, नुसत्या कडा कोरतो. जुन्या कार्यक्रमांत माणसांभोवती पांढरी रेघ दिसते, ती त्याचीच करामत.

आणखी एक, पडद्याचा आकार. जुने कार्यक्रम चारास तीन या प्रमाणात चित्रित झालेले, नवा पडदा सोळास नऊचा. रिकाम्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून आपण चित्र ताणतो आणि सडपातळ नायिका एका क्षणात अंगाने भरते. पट्ट्या राहू द्याव्यात. पैसे पूर्ण पडद्याचे दिले म्हणून पडदा पूर्ण भरलाच पाहिजे, असं थोडंच आहे?

चित्रपट जर मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल, तर संच मधली चित्रं स्वतः तयार करून घालतो आहे असं समजावं. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. ही ‘मोशन’ची सोय बंद ठेवा, असं २०१८ च्या डिसेंबरात खुद्द टॉम क्रूझने लोकांना सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी कंपन्यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, त्यात ती बंदच असते.

दिग्दर्शकाच्या मनातला रंग प्रेक्षकापर्यंत पोचवणं ही तशी जुनीच डोकेदुखी. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ काढला. व्ही. शांताराम त्याच्या रंगीत प्रती करून घ्यायला जर्मनीपर्यंत गेले, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्यांचा ‘पिंजरा’ रंगांत झळकला तो १९७२ साली. कन्नडमध्ये पुट्टण्णा कणगालांचा ‘नागरहावु’ही त्याच वर्षीचा. इतक्या खटपटीने आलेले रंग आपण ‘व्हिव्हिड’च्या एका बटणाने पुसून टाकतो.

राहिला ‘कलर टेंपरेचर’. ‘कूल’ म्हणजे निळसर, ‘वॉर्म’ म्हणजे पिवळसर. चित्रं ज्या पांढऱ्याला धरून तयार होतात, तो साधारण ६५०० केल्विनचा असतो आणि बहुतेक संचांत ‘वॉर्म’च त्याच्या जवळ जातो. हे तपासायला कृष्णधवल चित्रपटासारखी कसोटी नाही, कारण तिथे रंगाच्या आड लपायला जागा नसते. आमच्या घरी यासाठी बी. आर. पंतुलूंचा १९६१ चा ‘कित्तूर चेन्नम्मा’ लागतो. राणी चेन्नम्मा १७७८ साली आमच्या या काकतीतच जन्मली, त्यामुळे गावातल्या पोरासोरांनाही त्या चित्रपटाचं कौतुक. बी. सरोजादेवींचा चेहरा ‘कूल’वर निळसर, थंड दिसतो. ‘वॉर्म’वर राखाडी खरा राखाडी होतो. पहिले दोन दिवस चित्र पिवळं वाटतं, मग डोळा रुळतो आणि जुनं चित्रच निळं वाटायला लागतं.

आमच्याकडे सगळ्यांचा डोळा रुळला, पण सासूबाईंचा रुळेना. त्यांना आम्ही कन्नड रीतीने अत्ती म्हणतो. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं. मुलांची ती अज्जी. महिना झाला तरी त्यांचं एकच पालुपद, ‘बण्ण मासैति’. रंग विटलाय. दुपारी घरात कुणी नसलं की त्या रिमोट घेऊन सगळं शंभरावर नेत. संध्याकाळी चिरंजीव क्रिकेटसाठी ते खाली आणत. हे म्हणाले, ‘संच बिघडला असेल, मेकॅनिकला बोलावू या.’

मी तोच चित्रपट पुन्हा लावला आणि एकेकाला विचारलं, राणीची साडी कशी दिसते? मला, ह्यांना, मुलांना, शेजारच्या काकूंना पांढरी दिसली. अत्तींना हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी. एवढ्या जणांत एकालाच पिवळं दिसत असेल, तर मेकॅनिक टी.व्ही.साठी कशाला बोलवायचा? ‘अत्ती, डोळे दाखवून घेऊ या का?’ म्हटलं. ‘सुईत दोरा ओवते मी,’ असं उत्तर आलं. पण त्या आल्या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं, की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं, की माणसाला आपली नजर बदलल्याचं कळतच नाही, जग जुनं झाल्यासारखं वाटतं. फ्रान्सचा थोर चित्रकार क्लोद मोने यालाही हाच त्रास होता. त्याच्या बागेच्या चित्रांत तांबडा-तपकिरी रंग वाढत गेला. १९२३ मध्ये त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली.

अत्तींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली. पट्टी निघाल्यावर त्या टी.व्ही.समोर बसून एकदा हा डोळा झाकत, एकदा तो. एकाने पांढरं, दुसऱ्याने पिवळं! ‘म्हणजे इतकी वर्षं मी ही निळी साडी काळी समजून नेसत होते,’ असं म्हणत त्यांनी कपाटातली साडी दारातल्या उजेडात नेली. मग घरातली जळमटं दिसली, मग माझ्या केसांतले पांढरे. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी नातवाला हुकूम सोडला, ‘तो उजेड कमी कर रे, डोळ्यांत घुसतो.’

तेव्हापासून आमच्याकडे टी.व्ही.ला नावं ठेवायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारायची पद्धत पडली आहे. सगळ्यांनाच चित्र फिकं दिसलं तर रिमोट हातात घ्यावा. एकालाच दिसलं, आणि ते माणूस साठीच्या पुढचं असेल, तर रिमोट ठेवून त्याचा हात धरावा आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जावं. म्हातारी माणसं ‘मला नीट दिसत नाही’ असं सहसा म्हणत नाहीत. कुणाला त्रास नको म्हणून ती टी.व्ही.ला, बल्बला, नाहीतर साडीच्या रंगाला दोष देतात. आपल्याला दोन दोन भाषा येतात, तर ही तिसरीही समजायला हरकत नाही.